मंगोलियन कंठगायनाचा पहिला अल्बम : निवड, खरेदी आणि ऐकण्याची तयारी

मंगोलियाचे कंठगायन मला प्रथम भेटले ते एका रॉक बँडच्या चित्रफितीतून. त्या भरात मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून वेष्टनावर ‘पारंपरिक आणि आधुनिक’ असे लिहिलेली सीडी मागवली, लॅपटॉपच्या स्पीकरवर लावली आणि तिसऱ्या तुकड्याला बंद केली. कोणीतरी घसा आवळून कण्हत आहे आणि मागे सतत सूंऽ सूं आवाज येतो आहे, एवढेच मला ऐकू आले होते. सीडी खराब निघाली असे समजून मी विक्रेत्याला तक्रारीचे पत्रही लिहिले. तो आवाज गवताळ माळावरच्या वाऱ्याचा असून ध्वनिमुद्रण उघड्यावर केलेले आहे, असे त्याने शांतपणे कळवले, तेव्हा मला फार ओशाळल्यासारखे झाले. त्यानंतर सुमारे दोन महिने ती सीडी कपाटात पडून होती.

चूक सीडीची नव्हती, ऐकण्याच्या क्रमाची होती. या संगीतात एकाच गळ्यातून एका वेळी दोन स्वर निघतात, आणि ते दोन स्वर वेगळे ओळखण्याची सवय कानाला आधी लावावी लागते. ती लागली नाही तर उत्तम अल्बमही गंमतीची करामत वाटतो आणि आठवड्याभरात विसरला जातो. पुढच्या पायऱ्या मी स्वतः उलटसुलट क्रमाने चढलो. आपण त्या सरळ क्रमाने चढाव्यात म्हणून हा लेख.

लागणारी साधने

कान पूर्ण झाकणारा हेडफोन, शक्यतो वायरचा. तंबोरा, किंवा खऱ्या तंबोऱ्याचे चांगले ध्वनिमुद्रण. आवाजाचा आलेख दाखवणारे, म्हणजे स्पेक्ट्रोग्रामचे, एखादे मोफत ॲप. आणि एक वही. सीडी किंवा तबकडी परदेशातून मागवणार असाल तर ओळखपत्र आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेले कार्डही लागेल. त्याविषयी चौथ्या पायरीत लिहिले आहे.

पायरी १ : शब्द आणि नावे ओळखा

ज्याला इंग्रजीत ‘थ्रोट सिंगिंग’ म्हणतात त्याला मंगोल लोक ‘खोमी’ म्हणतात. मंगोल भाषेत हा शब्द घशाच्या आतल्या भागासाठी आहे. कंठगायन हा शब्द मीही वापरतो, पण तो थोडा फसवा आहे, कारण गाणे कुठलेही असले तरी ते कंठातूनच येते. खोमीचे वैशिष्ट्य असे की गायक घसा आवळून एक खालचा स्वर एकसारखा धरून ठेवतो आणि जीभ, ओठ व टाळू यांच्या हालचालींनी त्या स्वराच्याच पोटातले वरचे स्वर एकेक करून उजळतो. घसा आवळलेल्या या मूळ आवाजाला ‘शाखा’ म्हणतात. मराठीतल्या शाखेशी त्याचा काही संबंध नाही. मंगोल भाषेत त्याचा अर्थ दाबणे, पिळणे असा आहे.

मुख्य प्रकार दोन. ‘इसगेरे खोमी’ म्हणजे शिट्टीचा खोमी, ज्यात खालच्या घरघरीवर बासरीसारखी तलम सुरावट तरंगते. दुसरा ‘खारखिरा’, ज्यात आवाज मूळ स्वराच्याही एक सप्तक खाली उतरतो. याचे कारण शारीरिक आहे. खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या मांसल घड्या, ज्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात, त्याही कंप पावू लागतात आणि त्यांचा वेग खऱ्या तंतूंच्या निम्मा असतो. म्हणून जो आवाज यंत्राने ओढूनताणून खाली आणल्यासारखा वाटतो, तो प्रत्यक्षात नुसत्या गळ्याचा असतो.

शोध घेताना पहिला अडथळा अक्षरांचा येतो. रोमन लिपीत खोमी हा शब्द कुठे ‘के-एच’ने, कुठे ‘एक्स’ने, तर कुठे नुसत्या ‘एच’ने सुरू होतो, स्वरांवरचे दोन ठिपके कधी असतात, कधी गळतात. प्रत्येक रूप वेगळे शोधावे लागते. मंगोलियात १९४०च्या दशकापासून सिरिलिक लिपी रूढ आहे. तेव्हा एखाद्या ज्ञानकोशाच्या पानावरून हा शब्द सिरिलिकमध्ये उचलून शोधल्यास मंगोलियातले गायक स्वतः काय गातात आणि काय ऐकतात ते समोर येते, आणि पर्यटकांसाठी केलेला माल आपोआप मागे पडतो.

दुसरा अडथळा माणसांच्या नावांचा. मंगोल पद्धतीत वडिलांचे नाव आधी आणि स्वतःचे नाव नंतर येते. आपल्यासारखे आडनाव रोजच्या वापरात नसते. दान्गा खोसबायार या गायकाचे स्वतःचे नाव खोसबायार आहे, दान्गा हे वडिलांचे नाव. शिवाय रंगमंचावर ते ‘होसू’ म्हणून ओळखले जातात. विक्रीच्या संकेतस्थळांवर हा क्रम सर्रास उलटा होतो, त्यामुळे एकाच गायकाच्या दोन अल्बमांखाली दोन वेगळी नावे दिसली तर गोंधळू नका.

वेष्टनावर येणारे काही शब्द वहीत लिहून ठेवा. ‘मगताल’ म्हणजे डोंगर, नदी, घोडा यांचे स्तुतिगीत. ‘बोगिनो दू’ म्हणजे छोटे गाणे, ‘उर्तिन दू’ म्हणजे लांब गाणे, ‘तूलि’ म्हणजे वीरकथेचे गायन. शिट्टीच्या खोमीचे पुढचे पोटप्रकार बहुधा शरीराच्या भागावरून ओळखले जातात: ओठांचा, टाळूचा, नाकाचा, स्वरयंत्राचा, छातीचा. पश्चिम मंगोलियातल्या चांदमानचे ज्येष्ठ गायक त्सेरेनदावा यांनी केलेली अशी वर्गवारी अनेक अल्बमांच्या माहितीपुस्तिकांत आढळते. नवख्या कानाला हे सगळे प्रकार वेगळे ऐकू येणार नाहीत. मलाही अजून नाकाचा आणि टाळूचा खोमी हमखास वेगळा सांगता येत नाही.

पायरी २ : कोणता प्रदेश, ते पक्के करा

ही पायरी गाळली की हातात भलताच अल्बम पडतो. ‘मंगोलियन’ या एका शब्दाखाली बाजारात किमान चार गोष्टी विकल्या जातात.

पहिली, स्वतंत्र मंगोलिया देशातले संगीत. दुसरी, चीनमधल्या इनर मंगोलिया या स्वायत्त प्रदेशातल्या मंगोलांचे संगीत. बीजिंगमधून गाणारा ‘हांगाई’ हा बँड या वर्तुळातला. तिसरी, रशियन संघराज्यातल्या तुवा प्रजासत्ताकाचे संगीत. तुवा मंगोलियाच्या वायव्य सीमेला लागून आहे, तिथले लोक तुर्की कुळातली भाषा बोलतात आणि त्यांच्या प्रकारांची नावे खोमेय, सिगित, कारगिरा अशी आहेत. जगभर गाजलेला, १९९२ मध्ये स्थापन झालेला ‘हून-हूर-तू’ हा गट तुवाचा आहे, मंगोलियाचा नव्हे, तरीही दुकानांत तो मंगोलियन म्हणूनच मांडलेला असतो. गट अप्रतिम आहे. फक्त तुमचा शोध मंगोलियाचा असेल तर तो वेगळ्या खणात ठेवा.

चौथी गोष्ट तिबेटी बौद्ध भिक्षूंचे मंत्रपठण. ग्युतो परंपरेच्या भिक्षूंचा अतिखर्जातला आवाज ऐकायला खारखिरासारखाच वाटतो आणि गळ्यातली यंत्रणाही जवळची आहे, पण ते पूजाविधीतले पठण आहे, सुरावट रचण्याचा हेतू त्यात नाही. धरमशालेजवळच्या सिद्धबारी इथे या परंपरेचा मठ आहे, त्यामुळे हिमाचलला जाऊन आलेले अनेक जण ‘आम्ही ते मंगोलियन गाणे ऐकले’ असे सांगतात तेव्हा बहुधा हेच ऐकलेले असते.

सीमांचा हा प्रश्न नाजूकही आहे. युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत खोमीची नोंद २००९ मध्ये चीनच्या बाजूने झाली आणि २०१० मध्ये मंगोलियाच्या बाजूने. अल्बमच्या पुस्तिकेत यांपैकी कोणते साल दिले आहे, यावरूनही तो कोणत्या देशात तयार झाला असावा याचा अंदाज बांधता येतो.

मंगोलियातल्या मंगोलियात बघायचे तर पश्चिमेकडच्या खोव्द प्रांतातला चांदमान तालुका खोमीचे माहेर मानला जातो. एका बाजूला जारगालांत खैरखान हा डोंगर, दुसऱ्या बाजूला सरोवर. डोंगर वारा अडवून धरतो आणि मग घुमवत माळावर सोडतो, तेच घुमणे माणसाच्या गळ्यात आले, असे तिथले लोक सांगतात. ‘चांदमान’ हा शब्द संस्कृतातल्या ‘चिंतामणी’वरून बौद्ध ग्रंथांच्या वाटेने मंगोल भाषेत गेला आहे. थेऊरच्या गणपतीचे नाव असलेला मुलुख हजारो किलोमीटरवर, उंट-घोड्यांच्या माळावर आहे हे कळल्यावर मी नकाशा काढून बराच वेळ पाहत बसलो होतो. पुस्तिकेत चांदमान, खोव्द, उव्स किंवा गोवी-अल्ताई ही ठिकाणे गायकांच्या नावांपुढे लिहिलेली असतील तर अल्बम करणाऱ्याने कष्ट घेतले आहेत असे समजावे.

पायरी ३ : तंबोऱ्याजवळ बसून कान तयार करा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. घाई करू नका. तीन-चार दिवस रोज पंधरा मिनिटे द्या.

तंबोरा जुळवा, जवारी नीट बोलते आहे ना ते पाहा आणि खरजाची तार एकटीच छेडा. घोडीवर तारेखालचा सुताचा धागा योग्य जागी असेल तर तार नुसता षड्ज बोलत नाही. थोड्या वेळाने तिच्यातून गंधार डोकावतो. आपल्या गायकांनी त्याला स्वयंभू गंधार असे सुंदर नाव दिले आहे. हा गंधार कोणी वाजवलेला नसतो. खरजाच्या कंपनसंख्येच्या पाचपट कंपनसंख्येचा तो उपस्वर असतो. तो ऐकू येत नसेल तर एक युक्ती करा: तारेच्या बोलत्या लांबीचे पाच समान भाग कल्पून घोडीकडून पहिल्या भागाच्या टोकावर बोट अलगद टेकवा, तार दाबू नका, आणि छेडा. गंधार एकदम स्वच्छ वाजेल. आता बोट काढून पुन्हा छेडा आणि नुकताच ऐकलेला तोच गंधार मूळ आवाजाच्या आत शोधा. दोन-तीन प्रयत्नांत सापडतो, आणि एकदा सापडला की हरवत नाही.

खोमी गायक नेमके हेच करतो, फक्त तार त्याच्या गळ्यात आणि घोडी त्याच्या तोंडात असते. समजा त्याने १५० हर्ट्झचा स्वर धरला. त्या स्वरात ३००, ४५०, ६०० असे सगळे पटीतले उपस्वर आधीपासूनच असतात. मूळ स्वराला सा मानले तर आठवा उपस्वर, म्हणजे १२०० हर्ट्झ, हा सा. नववा, १३५०, रे. दहावा, १५००, ग. बारावा, १८००, प. त्याच्या अलीकडचा सहावा, ९०० हर्ट्झ, हा खालच्या सप्तकातला प. मधला सातवा उपस्वर आपल्या कोमल निषादाहूनही किंचित उतरलेला आणि अकरावा शुद्ध व तीव्र मध्यमाच्या मध्येच कुठेतरी लटकलेला असतो, म्हणून हे दोन्ही सहसा टाळले जातात. तेरावा कोमल आणि शुद्ध धैवताच्या मधला. या सगळ्याची बेरीज केली की मराठी कानाला भूप आठवल्याशिवाय राहत नाही. आठवू द्या, पण त्याला भूप म्हणू नका. इथे आरोह-अवरोह नाही, चलन नाही, वादी-संवादी नाही. गळ्याच्या नळीने जे स्वर देऊ केले त्यांतून निवडलेली ही सुरावट आहे.

आता स्पेक्ट्रोग्रामचे ॲप उघडा आणि फोनसमोर एकाच स्वरावर अगदी सावकाश ‘ऊ, ओ, आ, ए, ई’ म्हणा. पडद्यावर एकाखाली एक समांतर आडव्या रेघा दिसतील. तुमचा स्वर हलला नाही तर रेघाही हलणार नाहीत, पण उजळपणा एका रेघेवरून दुसरीवर सरकत जाईल. हाच प्रयोग नंतर शिट्टीच्या खोमीच्या ध्वनिमुद्रणावर करा. बाकीच्या रेघा फिकट आणि एकच रेघ विजेच्या तारेसारखी लखलखीत. तो लखलखाट सहाव्या, आठव्या, नवव्या, दहाव्या रेघेवर उड्या मारतो. डोळ्यांनी हे एकदा पाहिले की मागून कोणी बासरी वाजवत असावे ही शंका कायमची मिटते.

पायरी ४ : अल्बम निवडा आणि मागवा

पहिल्या खरेदीसाठी पारंपरिक आणि आधुनिक दोन्ही असलेला एकच संग्रह घ्यावा, की दोन स्वतंत्र अल्बम घ्यावेत? माझे मत दोन स्वतंत्र अल्बमांचे आहे. मिश्र संग्रहात गिटार-ढोलाच्या गदारोळानंतर लगेच एकट्या म्हाताऱ्या मेंढपाळाचा आवाज येतो आणि तो फिका वाटतो, यात दोघांवरही अन्याय होतो. मिश्र संग्रह आधीच घेतला असेल तरी बिघडत नाही. तुकड्यांची यादी वहीत उतरवून पारंपरिक आणि आधुनिक असे दोन गट पाडा आणि छापील क्रम विसरून जा.

पारंपरिक अल्बममध्ये चार गोष्टी बघा: प्रत्येक तुकड्याला गायकाचे नाव आहे का, ठिकाण आहे का, प्रकार सांगितला आहे का, आणि निदान दोन-तीन तुकडे वाद्याशिवायचे आहेत का. यांतले काहीच नसेल आणि वेष्टनावर गरुड, सूर्यास्त आणि ‘ध्यान’, ‘आरोग्य’, ‘चक्र’ असे शब्द असतील तर तो अल्बम खाली ठेवा. अशा संग्रहांत एकाच ओढलेल्या घरघरीवर कृत्रिम सुरांचे थर चढवलेले असतात आणि गायकाचा पत्ताच नसतो. मी असा एक घेतला होता. आमच्या घरी तो आता दारामागच्या आरशासारखा चकाकण्याच्या कामी येतो.

नुसते ऑनलाइन ऐकणार असाल तर ही पुढची कटकट टळते, पण मग पुस्तिका मिळत नाही, आणि या संगीतात पुस्तिका म्हणजे निम्मा अल्बम असतो. कलाकार किंवा छोटी प्रकाशनसंस्था स्वतः विकत असेल तर फाइलींबरोबर पुस्तिकेची पीडीएफ मिळते का ते आधी विचारा, अनेकदा मिळते.

परदेशातून सीडी मागवायची असल्यास या गोष्टी जवळ ठेवा:

- कुरियर कंपनीला केवायसीसाठी देण्याचे ओळखपत्र. पाकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव तंतोतंत जुळू द्या.
- विक्रेत्याचे बिल, ज्यात वस्तू, संख्या आणि किंमत स्पष्ट लिहिलेली आहे.
- आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू असलेले कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील नियमांनंतर नवीन कार्डांवर ही सोय मुळात बंद असते. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ती सुरू करावी लागते, आणि काम झाल्यावर पुन्हा बंद करावी.

सीमाशुल्क वेगळे पडते. कधीकधी ते सीडीच्या किमतीशी स्पर्धा करते, म्हणून एकेक न मागवता दोन-तीन मित्रांनी मिळून मागवावे.

पायरी ५ : पारंपरिक भाग या क्रमाने ऐका

हेडफोन लावा. फोनमधले बास वाढवणारे आणि आवाज ‘पसरवणारे’ सगळे पर्याय बंद करा. खारखिराचा खालचा स्वर ७० हर्ट्झच्या आसपास असू शकतो. फोनच्या किंवा लॅपटॉपच्या इवल्याशा स्पीकरला तो पेलवत नाही आणि पत्रा खडखडल्यासारखे काहीतरी कानी येते. माझी पहिली फजिती निम्मी याचमुळे झाली होती.

सुरुवात वाद्याशिवायच्या शिट्टीच्या खोमीने करा. पहिल्यांदा फक्त खालची घरघर ऐका. ती किती स्थिर आहे, श्वास कुठे तुटतो एवढेच पाहा. दुसऱ्यांदा फक्त वरची शिट्टी ऐका आणि जमल्यास तिच्याबरोबर मनात सरगम म्हणा. तिसऱ्यांदा दोन्ही मिळून ऐका. तिसऱ्या वेळी एक गंमत घडते: कान आपोआप दोन आवाजांमधली मोकळी जागा ऐकू लागतो, आणि ती जागा खूप मोठी, माळाएवढी वाटते. अशा ध्वनिमुद्रणात वारा, मेंढ्या, कुत्रे आले तर त्यांना दोष समजू नका. तक्रारीचे पत्र लिहिण्याआधी माझी आठवण काढा.

त्यानंतर मगताल घ्या. त्यातही अल्ताई पर्वताची स्तुती आधी. पश्चिम मंगोलियात रात्र-रात्र चालणारी वीरकथा गाण्यापूर्वी अल्ताईची स्तुती गाऊन त्या डोंगराला प्रसन्न करून घेण्याची प्रथा आहे. आपल्याकडे तमाशात गण आधी आणि कीर्तनात नमन आधी, तसेच हे. इथे शब्द असतात, खारखिराच्या जाड आवाजात ते भराभरा येतात, आणि ओळीच्या शेवटी गायक क्वचित शिट्टीत शिरतो. शब्द आणि शिट्टी यांच्यामधला तो सांधा पकडण्याचा प्रयत्न करा. चांगला गायक तिथे श्वास घेतल्याचे कळू देत नाही.

मग वाद्ये. तोवशूर हे दोन तारांचे, बोटांनी छेडायचे वाद्य अनेक मगतालांना साथ करते आणि त्याचा ठेका घोड्याच्या चालीचा असतो. मोरिन खूर मात्र नीट वेळ देऊन ऐकावे असे आहे. दांड्याच्या टोकाला घोड्याचे कोरीव डोके, चौकोनी पेटी, गजाने वाजवायच्या दोन तारा; आणि या तारा म्हणजे घोड्याच्या शेपटीच्या केसांची जुडी. परंपरेने जाड ‘नर’ तारेत घोड्याचे १३० केस आणि बारीक ‘मादी’ तारेत घोडीचे १०५ केस असतात. तारा दांड्यापासून इतक्या उंच असतात की त्या खाली दाबायच्या नसतातच. बोटांची नखे आणि कडा बाजूने टेकवून स्वर काढतात. सारंगी जवळून पाहिलेल्याला हे ओळखीचे वाटेल. केसांची जुडी असल्यामुळे प्रत्येक स्वरात एक खरखरीत श्वास असतो, आणि म्हणूनच हे वाद्य खोमीच्या आवाजात विरघळून जाते. गजाच्या पहिल्या फटकाऱ्यात घोड्याचे खिंकाळणे ऐकू आले तर तो तुमच्या मनाचा खेळ नव्हे, वादकाने ते मुद्दाम काढलेले असते.

पारंपरिक अल्बममध्ये खोमी नसलेले तुकडेही असतील, त्यांना वगळू नका. उर्तिन दू हे त्यातले मोठे प्रकरण: मोजके शब्द, प्रत्येक अक्षरावर लांबच लांब आलाप आणि हरकती, ठेका जवळजवळ नाहीच. हे गाणे मोकळ्या गळ्याचे आहे, आवळलेल्या गळ्याचे नाही. मी ते प्रथम ऐकले तेव्हा ‘हे चुकून आले’ असे समजून पुढे सरकवले होते. आज माझ्या वहीत सर्वांत जास्त खुणा त्याच तुकड्यापुढे आहेत.

गाणाऱ्यांत पुरुष जास्त दिसतील. स्त्रियांनी खोमी गाऊ नये, त्याने शरीराला अपाय होतो, असा समज दीर्घकाळ होता. अलीकडे स्त्रिया उघडपणे शिकतात आणि गातात. एखाद्या संग्रहात असा आवाज असेल तर तो मुद्दाम शोधून ऐका, कारण मूळ स्वर उंच असल्याने उपस्वरांची मांडणीच बदललेली असते.

पायरी ६ : आता आधुनिक भाग

‘आधुनिक’ची सुरुवात रॉकपासून झाली असे मानणे हा मोठा गैरसमज आहे. माळावर, जनावरांमागे, घरगुती तंबूत गायला जाणारा खोमी विसाव्या शतकात, समाजवादी राजवटीच्या काळात, रंगमंचावर आला. तिथे सुंदुईसारख्या गायकांनी त्याला मैफलीची शिस्त दिली. तेव्हा सूटबूट आणि वाद्यवृंदासह गायलेला खोमी हीदेखील आधुनिकताच आहे. १९९१ मध्ये राजधानी उलानबातरच्या विद्यार्थ्यांनी उभा केलेला ‘एगशिगलेन’ हा गट याच वाटेवरचा: जुनी वाद्ये, पण रचना आणि मेळ आजच्या मैफलीसाठी बांधलेला. नवख्याने आधुनिक भागाचा आरंभ अशा गटापासून करावा असे मला वाटते. नंतर ‘खुसुगतुन’ ऐका, ज्यात कित्येक गळे मिळून खोमी गातात आणि खर्जाची जाड गादीच तयार होते.

त्यानंतर ‘आलतान उराग’. २००२ मध्ये सुरू झालेल्या या बँडने इलेक्ट्रिक गिटार पुढे न आणता जुन्या वाद्यांतूनच रॉकचा जोर काढला. आणि सर्वांत शेवटी ‘द हू’, जिथून बहुतेकांची, आणि माझीही, सुरुवात होते. उलानबातरमध्ये २०१६ मध्ये जमलेल्या या बँडचा ‘द गेरेग’ हा पहिला अल्बम सप्टेंबर २०१९ मध्ये आला. गेरेग म्हणजे मंगोल साम्राज्यात दूतांना दिला जाणारा परवान्याचा पट्टा. तो दाखवला की वाटेतल्या ठाण्यांवर घोडे आणि मुक्काम मिळत असे. बँडच्या नावातला ‘हू’ हा माणूस या अर्थाच्या मंगोल मूळशब्दावरून आला आहे.

द हू ऐकताना आतापर्यंतची मेहनत कशी फळते ते पाहा. त्यांच्या गाण्यांत शिट्टी कमी आणि आवळलेला खर्ज जास्त आहे, कारण ढोल आणि गिटारच्या आवाजात शिट्टीचे उपस्वर बुडून जातात. झांजांचा छणछणाट वरच्या पट्ट्या व्यापतो, गिटार मधल्या. उरतो तो खालचा मजला, आणि तिथे खारखिरा बसतो. शब्दांचा ठेका मात्र मगतालाचाच आहे. अल्ताईच्या स्तुतीचा तुकडा आणि द हूचे कोणतेही गाणे पाठोपाठ लावून टाळी देऊन पाहा. हात फारसा गोंधळणार नाही. काही रसिक या बँडला बाजारू म्हणून नाक मुरडतात. मला तसे वाटत नाही, पण केवळ त्यांचेच ऐकून ‘मी खोमी ऐकतो’ असे कोणी म्हणू लागले तर मी त्याच्या हातात हेडफोन देऊन एखाद्या मेंढपाळाचा तुकडा लावतो.

पायरी ७ : स्वतः करून पाहायचे असल्यास

महिन्याभरात हा मोह होतोच. घसा आवळून खारखिरा काढण्याचा प्रयत्न चित्रफिती पाहून करू नका. त्यासाठी समोर शिकवणारा हवा, आणि जे लोक हिंदुस्थानी संगीताचा रियाज करतात त्यांनी आपल्या गुरूंना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊच नये. मोकळा आकार आणि आवळलेला घसा यांची सवय एकमेकींच्या विरुद्ध आहे. खोकला येणे, घसा खवखवणे, दुसऱ्या दिवशी आवाज बसणे, यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबा.

निरुपद्रवी प्रयोग एवढाच: घसा अजिबात न आवळता, तंबोऱ्याच्या षड्जाशी मिळवून, एक मध्यम उंचीचा ‘ऊ’ धरा. जिभेचे टोक वरच्या हिरडीमागे टेकवा, ओठ गोल ठेवा, आणि जिभेचा मधला भाग ‘ऊ’कडून ‘ई’कडे केसाएवढा, अगदी केसाएवढा, सरकवत न्या. खोली लहान आणि भिंती टणक असाव्यात. आमच्याकडे यासाठी न्हाणीघर वापरले जाते. समोर स्पेक्ट्रोग्राम ठेवला तर कोणती रेघ उजळली ते कळते. मला पहिला स्पष्ट गंधार तीन महिन्यांनी मिळाला, साधारण चार सेकंदांसाठी, आणि तेवढ्यात बाहेरून दारावर थाप पडली की नळ नीट बंद करा, शिट्टी वाजते आहे.